दगडूचा नातू सिद्धार्थ

कचरू, दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा, भिका. बायांमध्ये चिंधी, कोंडा, धोंडी, नकुशी. ही नावं कुणाची ते सांगायला नको. आपल्या कुठल्याही वस्तीत, कुठल्याही घरात दोन-तीन पिढ्या मागं जा, यांतलं एखादं सापडतंच. आणि आता आपल्याच बैठकीत एखाद्या तरुण कार्यकर्त्याला पूर्ण नाव विचारा. 'सिद्धार्थ' खणखणीत निघतं. आडनावही ठीक निघतं. मधलं 'कचरू' मात्र तोंडातल्या तोंडात विरतं. गिळलं जातं. या गिळलेल्या शब्दाबद्दल थोडं बोलायचं आहे.

मित्रांनो, या नावांबद्दल आपल्यात दोन मतं ऐकू येतात. एक मत असं की ही नावं मनूनं आपल्या कपाळावर गोंदली, ती गुलामीची खूण आहे, पुसा आणि विसरा. दुसरं मत असं की आपले आजे-पणजे अडाणी होते, भुताखेताला भीत होते, म्हणून पोरांना दगड-धोंडे म्हणत होते. त्यात इतिहास कसला शोधायचा? दोन्ही मतं मांडणारे आपलेच आहेत, प्रामाणिक आहेत. पण दोघंही अर्धंच बोलतात. आणि या अर्ध्या इतिहासावर उभं राहून आपण आपल्या पोरांची नावं ठेवतो. म्हणून हा विषय बारशाच्या घुगऱ्यांपुरता राहत नाही.

०००

मनूपासूनच सुरुवात करू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा कायदा आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं नाव ऐकताच किळस यावी असं. पुढच्याच श्लोकात नावाला जोडायची शेपटीही सांगितली आहे: ब्राह्मणाच्या नावातून कल्याण कळावं, क्षत्रियाच्या नावातून रक्षण, वैश्याच्या नावातून भरभराट आणि शूद्राच्या नावातून चाकरी. ही शूद्राची गत. ज्यांना चार वर्णांच्याही बाहेर, गावकुसाबाहेर टाकलं, त्यांच्या बारशासाठी वेगळा श्लोक लिहायची गरजसुद्धा त्याला वाटली नाही.

बघा, किती दूरवरचा विचार आहे! पोर अजून पाळण्यात आहे. त्यानं चांगलं केलेलं नाही, वाईट केलेलं नाही. तरी उद्या त्यानं नुसतं नाव सांगितलं की समोरच्याला कळलं पाहिजे, याला ओट्यावर बसवायचं की उंबऱ्याबाहेर उभं करायचं. नाव म्हणजे गळ्यातलं मडकंच. फरक एवढाच की मडकं फोडता येतं.

याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आणखी एक गंमत आहे. नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं असलेली मुलगी लग्नासाठी करू नये, असा नियम तिथं आहे. आता सांगा, महाराष्ट्रातल्या कुठल्या ब्राह्मण घरात गंगा नाही, यमुना नाही, गोदावरी नाही, रोहिणी नाही? तुळसा आणि चंपा कुणाच्या घरात नांदत नाहीत? म्हणजे हा नियम त्यांनी स्वतःच गुंडाळून ठेवला. कुणाला पाप लागलं नाही, कुणाची सोयरीक मोडली नाही. स्वतःला अडचणीचा नियम सोडायचा आणि दुसऱ्याला खाली ठेवणारा नियम जपायचा, ही त्यांची धर्मनिष्ठा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या पुढाकारानं मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा त्या आगीत हा बारशाचा कायदाही जळाला. ही आठवण आपल्या भाषणांत फारशी येत नाही. यायला पाहिजे.

०००

पण आता दुसरी बाजू. आपल्या म्हातारीनं मनुस्मृती वाचली नव्हती. तिला कुणी वाचूनही दाखवली नव्हती. मग तिनं आपल्या पोटच्या गोळ्याला 'उकिरडा' का म्हटलं?

तिनं म्हटलं, कारण आधीची दोन-तीन लेकरं गेली होती. चांगलं नाव ठेवलं की नजर लागते, सटवाईचं लक्ष जातं, मरण दारात येऊन नाव विचारतं, अशी समजूत. म्हणून नवं लेकरू जन्मलं की त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि उचलून आणायचं. म्हणजे हे टाकलेलं पोर, हे आमचं नव्हेच. तो उकिरडा, तो केरबा, तो कचरू. कुठे शेजारणीच्या पदरात घालून पसाभर धान्य देऊन परत मागून घ्यायचं. तो भिका. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, मुलगी आहे असं भासवायचं. तो नथू. दगडासारखा टिकावा म्हणून दगडू आणि धोंडू. फकिराच्या झोळीला नवस बोलून झालेला फकिरा. आपल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची ही मरणाशी चाललेली झटापट होती. औषध नव्हतं, दूध नव्हतं, सुईण होती पण डॉक्टर नव्हता. हाताशी होता तो एक शब्द. त्या शब्दानं तिनं लेकराला झाकून ठेवलं.

आणि ही झटापट एकट्या महारवाड्यात, मांगवाड्यात चालली नव्हती. मरण सगळ्यांच्या घरी येत होतं. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवणारे महर्षी कर्वे हे कोकणातले चित्पावन ब्राह्मण. त्यांचं नाव धोंडो केशव. १८५७ च्या बंडातले नानासाहेब पेशवे, त्यांचं नाव धोंडोपंत. ब्राह्मणांच्या वंशावळ्या चाळा, भिकाजी आणि धोंडो हवे तेवढे मिळतील. तेव्हा 'दगड-धोंड्यांची नावं फक्त आपल्याला दिली' हे म्हणणं टिकत नाही. आपल्या विरोधकाला असं सोपं उत्तर हाती देऊ नका.

मग फरक कुठं पडला? फरक शेपटीत पडला. त्यांचा धोंडो 'धोंडोपंत' झाला, आपला धोंडू 'धोंड्या' झाला. त्यांचे भिकाजी 'भिकाजीपंत', आपला भिका 'भिक्या'. मराठीत हा 'या' मोठा लबाड आहे. माय चुलीपाशी बसून 'अरं दगड्या, भाकर खाऊन घे' म्हणते तेव्हा त्यात जीव असतो. तोच 'दगड्या' पाटलाच्या ओसरीवरून आला की पायतळी तुडवतो. सत्तर वर्षांचा येसकर म्हातारा काठी टेकत वाड्यापुढं यायचा आणि आत खेळणारं दहा वर्षांचं पोर त्याला 'ए धोंड्या, थांब तिथंच' म्हणायचं. म्हातारा त्या पोराला 'जी धनी' म्हणायचा. हे आपल्या घरोघरच्या थोरल्यांनी सांगितलेलं आहे. शब्द तोच, पण कोण कुणाला कुठून हाक मारतो यावर त्याचं वजन ठरतं. मनूचा श्लोक पोथीत होता; त्याची अंमलबजावणी या हाकेत होती.

आणि मरणाचं म्हणाल तर मरणाला नावं वाचता येत नव्हती. बाबासाहेब हे रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य. त्या चौदांतली थोडीच जगली. पुढं बाबासाहेब आणि रमाईंची पाच लेकरं झाली. यशवंत तेवढे राहिले. गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू गेली. शेवटच्या मुलाचं नाव राजरत्न. परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बापानं ठेवलेलं नाव, त्यात कचराही नाही आणि धोंडाही नाही. १९२६ ला राजरत्नही गेला. वाईट नावानं लेकरू वाचत नव्हतं आणि चांगल्या नावानं मरत नव्हतं. मरत होतं ते दारिद्र्यानं. तेव्हा उकिरड्याच्या नावाला हसायच्या आधी आपल्या म्हातारीनं किती पाळणे रिकामे होताना बघितले ते विचारा.

०००

आपल्या जुन्या नावांना एक वेगळीच शेपटी होती, ती आता बहुतेकांना ठाऊक नाही. 'नाक'. सिदनाक, रायनाक, गोपाळनाक. महाराच्या नावापुढं हा 'नाक' लागायचा. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत आणि त्यांत 'नाक' शेवटी असलेली नावं ओळीनं दिसतात. त्यावरूनच तर तिथं महार शिपाई किती होते हे अभ्यासकांना मोजता आलं. इंग्रजांनी तो स्तंभ आपल्या साम्राज्याच्या कौतुकासाठी उभारला, आपल्या प्रेमापोटी नाही, हे उघड आहे. पण गावात जे नाव अर्धं तोडून हाकारलं जायचं ते तिथं दगडावर पुरं कोरलं गेलं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं उभे राहिले. ती नावं आजही आपल्याला वाचता येतात.

पुढं इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद केली. तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारे, १८८८ साली 'विटाळ विध्वंसक' हे पुस्तक लिहिणारे पेन्शनर शिपाई गोपाळबाबा वलंगकर. त्यांचं नाव गोपाळनाक विठ्ठलनाक. त्यांनी 'नाक' लपवला नाही. विटाळावर प्रश्नांची सरबत्ती केली ती याच नावानं.

नंतरची मोठी नोंद सातारच्या सरकारी शाळेत आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. हजेरीपटावर नाव: भिवा रामजी आंबेडकर. घरचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, आणि घरात हाक 'भिवा'. त्या भिवाचा भीमराव झाला, भीमरावाचे डॉक्टर आंबेडकर झाले, आणि लोकांनी त्यांना बाबासाहेब केलं. शेवटचं नाव कुठल्या रजिस्टरानं दिलं नाही, विद्यापीठानंही दिलं नाही. ते आपल्या माणसांनी दिलं. आपल्याकडं ज्याला कालपर्यंत एकेरी हाक होती त्याला 'साहेब' म्हणणं हेच एक बंड होतं. भाऊराव गायकवाडांचे 'दादासाहेब' झाले तेही असंच. प्रस्थापित लोक या 'साहेबां'ना हसतात. हसू द्या. ज्यांच्या नावाला जन्मतःच 'पंत' आणि 'राव' फुकट मिळाला त्यांना 'साहेब' मिळवायला काय पडतं ते कळायचं नाही.

नावाचा प्रवास बघायचा तर बाबासाहेबांच्या वर्तमानपत्रांकडं बघा. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', १९२८ चा 'समता', १९३० चा 'जनता' आणि १९५६ चा 'प्रबुद्ध भारत'. मुका, बहिष्कृत, मग समतेची मागणी, मग जनता, शेवटी प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एका समाजाचं नाव कसं बदलत गेलं ते या पाच मथळ्यांत लिहिलेलं आहे.

०००

मधल्या काळात आपल्याला दुसऱ्यांनी एक नाव दिलं. 'हरिजन'. दिसायला गोड. देवाची माणसं म्हणे! मग बाकीचे कुणाची माणसं, हा प्रश्न आपल्या लोकांनी तेव्हाच विचारला. १९३८ साली मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्याच्या दुरुस्तीत हा शब्द घालायचा घाट घातला गेला. स्वतंत्र मजूर पक्षानं विरोध केला: हे नाव आम्हाला नको, ज्यांना नाव द्यायचं त्यांना विचारा तरी. बहुमतानं तो विरोध फेटाळला. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! काहींना तो हट्ट वाटला असेल. पण आपलं नाव ठरवायचा अधिकार कुणाचा, हाच तर सगळा झगडा होता.

त्याआधी दोन वर्षं, मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केलं ते 'मुक्ती कोन पथे?' म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या विषयासाठी त्यातला नावाबद्दलचा भाग प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिंदू राहून चोखामेळा, हरिजन अशी नावं घेतल्यानं काही साधणार नाही, कारण जुन्या नावाचा कलंक नव्या नावालाही चिकटेल. नाव बदलायचं तर असं बदला की त्यामागं जुनी ओळख शोधत कुणी येऊ शकणार नाही. धर्मांतर हेच खरं नामांतर. म्हणजे नुसती पाटी रंगवून भागत नाही, घर बदलावं लागतं.

हे घर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बदललं. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले बौद्ध जेमतेम अडीच हजार होते; १९६१ च्या जनगणनेत ते २७ लाखांवर गेले. आणि त्यानंतर आपल्या पाळण्यांत नावांचा जो पाऊस पडला! सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, महेंद्र, मिलिंद, नागसेन. मुलींत सुजाता, यशोधरा, गौतमी, विशाखा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा, मैत्री. सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावं तर बाबासाहेबांनी आधीच मुंबईच्या आणि औरंगाबादच्या कॉलेजांना दिली होती. बापानं त्या कॉलेजचं फाटक बाहेरून बघितलं आणि पोराच्या नावात ते घरी आणलं.

एका गल्लीत चार राहुल झाले, मग 'लंबू राहुल', 'टेलरचा राहुल' अशी वाटणी करावी लागली. त्याचं हसू येतं, येऊ द्या. पण हजारो वर्षं ज्यांच्या नावावर दुसऱ्यांचा हक्क होता त्या लोकांनी एकाच दशकात, कुठलाही सरकारी हुकूम नसताना, लाखो पोरांची नावं बदलली. असं उदाहरण सहज मिळत नाही. या क्रांतीत एकही गोळी झडली नाही, म्हणून तिची नोंद कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

या नावांचे अर्थही नीट माहीत असावेत. मिलिंद म्हणजे संस्कृतात भुंगा. त्या अर्थानं ते सवर्णांच्या घरातही आहे. आपला मिलिंद वेगळा: तो यवन राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. आपण भुंग्याचं नाव ठेवलं नाही, प्रश्न विचारणाऱ्याचं ठेवलं. राहुल या नावाचा अर्थ परंपरेनं 'बंधन' असा सांगितला जातो. सिद्धार्थाला घर सोडायचं होतं आणि मुलगा झाला. तरी ते नाव आपण आनंदानं घेतलं, कारण तो बुद्धाचा मुलगा. म्हणजे शब्दाच्या अर्थापेक्षा त्यामागचा माणूस मोठा. हे ध्यानात ठेवा, दगडूकडं परत येताना कामाला येईल.

आणखी दोन नावं सांगतो, ती आपल्यात कमी ठेवली जातात. एक उपाली. तो शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा आपला माज उतरावा म्हणून त्यांनीच बुद्धाला विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल. दुसरा सुनीत. तो वाळलेली फुलं झाडणारा, केर काढणारा. बुद्धानं त्याला संघात घेतलं. बौद्ध वाङ्मयानं या दोघांची जुनी कामं पुसली नाहीत. न्हावी होता, झाडूवाला होता, असं सरळ लिहिलं आणि पुढं थेर म्हणून मान दिला. आपल्याकडं उलटं होतंय. नवा सिद्धार्थ उभा करताना आपण मागच्या केरबाला लपवतोय.

०००

नाव हा किती जीवघेणा प्रश्न आहे ते मराठवाड्यानं दाखवलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारलं गेलं. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही 'विस्तार' करून. या दोन शहिदांची नावंच वाचा. पोचिराम, म्हणजे तेलंगणाच्या सीमेवरच्या पोचम्मा देवीशी नातं सांगणारं जुनं नाव. आणि गौतम, धर्मांतरानंतरचं नाव. सोळा वर्षांच्या एका लढ्यात जुन्या पाळण्यातलं नावही खर्ची पडलं आणि नव्या पाळण्यातलंही. मारणाऱ्यांनी नव्या-जुन्याचा भेद केला नाही. मग आपण का करतो?

आपल्या साहित्यानं हा प्रश्न धसाला लावला आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. दया हे लेखकाचं नाव; जन्माचं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दगडू बोलतो आणि दया ऐकतो. ज्याला मागं टाकून यायचं होतं त्यालाच समोर बसवून बोलतं केलं, म्हणून ते पुस्तक उभं राहिलं. शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली, त्यात त्या 'नाजा' आहेत, लहानपणीच्या नावानं. अलीकडं २०१३ च्या 'फँड्री' सिनेमात जब्याच्या बापाचं नाव कचरू आहे. पडद्यावर तो कचरू डुकराच्या मागं धावतो आणि बघणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं. लाज कुणाला वाटायला पाहिजे ते तिथं कळतं.

०००

बायांच्या नावांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. मुलग्याला 'दगडू' म्हणायचं ते त्यानं जगावं म्हणून. मुलीला 'नकुशी' म्हणायचं ते पुढची मुलगी होऊ नये म्हणून. दोन्ही वाईट नावं, पण एकात माया आहे, दुसऱ्यात नकार. हा नकार सगळ्या जातींत आहे. सिंधुताई सपकाळ लहानपणी 'चिंधी' होत्या. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना समारंभानं नवी नावं दिली गेली. एकविसाव्या शतकात! आणि आपण बौद्ध झालो तरी काही घरांत अजून लग्नात सुनेचं नाव बदलतात. ज्या समाजानं आपलं नाव आपण ठरवू म्हणून विधिमंडळातून सभात्याग केला, त्याच समाजात सुजाता लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या पसंतीची कुणी दुसरी होते. तिला विचारलं का? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लिहिणं बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण ते नाव तिचं स्वतःचं असलं पाहिजे.

०००

आता आजचं बोलू. १९३६ च्या भाषणातला इशारा आपल्या नव्या नावांनाही लागू पडू लागला आहे. 'सिद्धार्थ' म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो, आडनाव विचारतो, आणि 'कांबळे' ऐकलं की चेहरा बंद होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच गोष्टीचा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. दलित नावाच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. म्हणजे मनूच्या श्लोकाची अंमलबजावणी आता हाकेत नाही, अर्जाच्या चाळणीत आहे.

म्हणून शहरातली आपली कितीतरी शिकलेली पोरं आपल्या लेकरांची नावं आरव, विहान, अथर्व ठेवतात. काही जण आडनावही गाळतात. त्यांना 'पळपुटे' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. भाड्याचं घर शोधताना तीन ठिकाणी दार बंद झालेल्या बापाला असं म्हणू नये. नाव कसलंही ठेवा, तो त्याचा हक्क आहे. पण त्याला एक प्रश्न विचारायला हवा: बाबा रे, तुझ्या आजीनं मरणापासून लपवायला पोराचं नाव 'केरबा' ठेवलं. तू जातीपासून लपवायला 'अथर्व' ठेवतोस. मरणाला नाव वाचता येत नव्हतं, पण जातीला येतं. पहिलं नाव लपवलंस तर ती आडनाव वाचील, आडनाव गाळलंस तर गाव विचारील, गाव सांगितलं नाहीस तर आरक्षणाचा कागद बघील. किती लपवशील? आणि ते लेकरू मोठं होऊन एक दिवस विचारील, आपण कोण, तेव्हा त्याला काय सांगशील?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. नाव बदललंच पाहिजे. पण पाटी बदलल्यावर नळ त्या वस्तीत आला का, स्मशानाची वाट मोकळी झाली का, हे विचारायचं काम कार्यकर्त्याचं. १९३६ चा धडा हाच आहे.

तेव्हा या नावांवर माझं मत असं: नवं नाव अभिमानानं ठेवा, उपाली ठेवा, सुनीत ठेवा, पटाचारा ठेवा, कुणी नाक मुरडलं तर अर्थ समजावून सांगा. पण जुनं नाव गिळू नका. 'दगडू' या शब्दात लाज नाही. लाज 'ए दगड्या' म्हणणाऱ्या ओसरीची आहे. त्या शब्दात आपल्या म्हातारीचा जागता पहारा आहे. तोच पुसला तर आपला इतिहास १९५६ पासूनच सुरू झाला असं होईल, आणि त्याआधीचं सगळं लिहायचं काम पुन्हा त्यांच्याच हातात जाईल, ज्यांनी आजवर लिहिलं.

यासाठी काम करायचं ते साधं आहे. प्रत्येक शाखेनं एक वही घालावी. वस्तीतल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडं जावं. चार गोष्टी विचाराव्या: पाळण्यातलं नाव काय, ते कुणी आणि का ठेवलं, गावातले लोक कसं हाकारायचे, आणि नंतर बदललं तर कधी, कुणाच्या सांगण्यावरून. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, त्यांना सगळ्या वस्तीची बारशी पाठ असतात, मेलेल्या लेकरांसकट. बोलतील तसंच, त्यांच्या बोलीत उतरवा, शुद्ध करत बसू नका. ही माणसं आता थोडी उरली आहेत.

आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव सांगावं. मधलं नावही, मोठ्यानं.

जय भीम!